पेशवाई नऊवारी, ब्राह्मणी नऊवारी आणि आमच्या आजीचं लुगडं

सणासुदीच्या तोंडावर कोल्हापुरात कपड्यांच्या बाजारातून एक चक्कर मारा. महाद्वार रोडला जा, राजारामपुरीत जा, नाहीतर गांधीनगरला जा. शिवलेल्या नऊवारीच्या दुकानाबाहेर प्रकारांची आणि दरांची पाटी दिसेल. ब्राह्मणी, पेशवाई, राजलक्ष्मी, मस्तानी, शाही मस्तानी, लावणी, कोळी. परकरासारखी पाय घालून चढवायची, नाडी बांधायची, पदर पिनेने अडकवायचा, पाच मिनिटांत बाई तयार. वर नथ, चंद्रकोर, गॉगल, पायात कोल्हापुरी. झाला 'मराठमोळा लूक'.

ही पाटी आम्ही कितीतरी वर्षं बघत आलो. थांबून कधी वाचली नव्हती. यंदा वाचली, कारण यंदा ती आमच्या वस्तीतल्या एका घरात शिरली.

वस्तीतली एक मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात 'ट्रॅडिशनल डे' होता. वर्गातल्या मुलींनी ठरवलं, सगळ्यांनी नऊवारी नेसायची. भाड्याच्या पेशवाईचे सहाशे रुपये, वर डिपॉझिट. मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. सहाशे रुपये एका दिवसाच्या साडीला कुठून आणायचे? तेव्हा आजीने ट्रंक उघडली आणि आपलं इरकली लुगडं काढलं. काळपट हिरवं अंग, लाल पदर, रुंद काठ. स्वतःच्या हाताने काष्टा घालून नातीला नेसवलं. नात आरशात बघून खुश होऊन गेली.

तिथे मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तू तर आमच्या कामवाल्या मावशीसारखी दिसतेस!" कुणी खवचटपणे बोललं नाही. हसत हसतच बोलल्या. एका मॅडमनी समजावलं, "पुढच्या वेळी प्रॉपर नऊवारी नेसून ये हं." फोटोत ती मागच्या रांगेत उभी राहिली. घरी आली आणि लुगडं फेडून आजीपुढे टाकलं. आजीने मुकाट्याने घडी घातली. मग एवढंच म्हणाली, "माझ्या आईला काठ दावायची चोरी हुती. मी दावला. आता तू म्हणतीस, ठेव झाकून."

ज्यांना साडीच्या फॅशनवर आंबेडकरी कार्यकर्त्यांनी लिहिणं म्हणजे रिकामा उद्योग वाटतो, त्यांनी आजीचं हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. काठ दाखवायची चोरी! हे काय प्रकरण आहे?

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमचं' या आत्मकथनात ते नोंदवून ठेवलं आहे. महारणीने लुगडं नेसताना काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. काठ दिसेल असं नेसण्याचा मान वरच्या जातीच्या बाईचा. लुगडं तेच, बाजारही तोच, पण काठ कुठे दिसावा हे जात ठरवणार. रस्त्याने जाणारी बाई कोण, हे तिला न विचारता लांबूनच कळावं म्हणून ही व्यवस्था होती. लुगडं म्हणजे बाईच्या अंगाला गुंडाळलेला जातीचा दाखलाच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ सालच्या निबंधात इंदूर भागातल्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलायांवर नियम लादले. पुरुषांनी रंगीत वा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पुन्हा काठच! त्रावणकोरात नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी काही दशकं लढावं लागलं, तेव्हा कुठे १८५९ साली त्यांना मुभा मिळाली, आणि तीही उच्चजातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. म्हणजे ज्याला आज आपण 'ड्रेपिंग स्टाईल' म्हणतो, त्यासाठी या देशात दंगे झालेत.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले आणि त्या बोलण्यात लुगड्याचा विषय होता. तुमची लुगडी नेसण्याची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती बदला. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, त्याला जास्तीचा पैसा लागत नाही. गळाभर माळा आणि कोपरापर्यंत गोठ-पाटल्या ही पण खूणच आहे, ती टाका. मुलींना शाळेत घाला. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला-पोराला जेवू घालू नका. या सगळ्या गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. शाळा आणि लुगडं एकाच यादीत होतं. आणि आपल्या आयाबायांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. त्यासाठी कुठला कायदा लागला नाही, कुणाची परवानगी मागितली नाही. चवदार तळ्याचं पाणी कोर्टात अडकलं, पण लुगड्याचा काठ त्याच दिवशी मोकळा झाला. आमच्या मते महाडचा हा सर्वांत लवकर जिंकलेला लढा होता.

आता बाजारातल्या पाटीकडे परत येऊ.

पाटीवर 'ब्राह्मणी' आहे. 'पेशवाई' आहे. ज्या पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पूर्वजांना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून चालावं लागे, असं बाबासाहेबांनी त्याच निबंधात लिहिलंय, ती पेशवाई आता भाड्याने मिळते. 'राजलक्ष्मी' आहे, म्हणजे राजघराण्याचा थाट. खाली उरलेल्या दोन प्रकारांत 'लावणी' आहे आणि 'कोळी' आहे. ही दोन कशासाठी? गॅदरिंगमध्ये नाचायला. म्हणजे मिरवायचं असेल तेव्हा ब्राह्मणी आणि पेशवाई, नाचायचं असेल तेव्हा कोळी आणि लावणी. ज्या लावणीच्या फडावर पिढ्यानपिढ्या दलित-भटक्या जातींच्या बायका नाचल्या आणि बदनाम झाल्या, त्यांची साडी घालून आता चांगल्या घरच्या मुली बक्षीस घेतात. फडावरच्या बाईला मात्र अजून कुणी भाड्याने खोली देत नाही.

आणि शेतात भांगलणारी, ऊसतोडीला जाणारी, पहाटे रस्ता झाडणारी, काष्टा मारून पाटी उचलणारी बाई या पाटीवर कुठे आहे? कुठेच नाही. वास्तविक महाराष्ट्रात काष्टा सर्वांत जास्त नेसला तो तिने. राबताना पाय मोकळे राहावेत म्हणून नेसला. तिच्या नेसण्याला नावच नाही, कारण ती त्याला नुसतं 'नेसणं' म्हणत होती. नाव देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी आपली नावं दिली. मग ब्राह्मणी नेसली की 'परंपरा' आणि आजीचं लुगडं नेसलं की 'कामवाली मावशी'! वस्तीतल्या मुलीला ज्या चार शब्दांनी मागच्या रांगेत पाठवलं, ते चार शब्द या पाटीवरूनच आलेत.

कुणी म्हणेल, अहो, ही नुसती नावं आहेत, दुकानदाराच्या डोक्यात जात नसते, त्याच्या डोक्यात धंदा असतो. बरोबर आहे. दुकानदाराशी आमचं भांडण नाहीच. तो विकलं जाईल ते नाव लावतो. आमचा प्रश्न असा की 'ब्राह्मणी' हे नाव विकलं का जातं? एखाद्या दुकानाने 'महारी नऊवारी', 'मांगीण नऊवारी' अशी पाटी लावून बघावी. एक तरी गिऱ्हाईक पायरी चढेल का? नाही चढणार, हे सगळ्यांना माहीत आहे. तर मग साडीत जात आम्ही आणली की ती आधीपासूनच होती?

आता दुसरी गंमत बघा. गेल्या काही वर्षांत 'ट्रेंडिंग' काय आहे? खणाची साडी. खणाचे ब्लाऊज, खणाच्या पर्सा, खणाची तोरणं, डायरीला खणाचं कव्हर. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा हा खण आपल्या कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या कष्टकरी बायकांच्या चोळीचा कपडा. बायका खणाची चोळी घालून खुरपायला बसत. आमच्या आयांनी नोकरीला लागल्यावर ती टाकली, कारण खणाची चोळी म्हणजे अडाणी बाई असा शिक्का होता. तीच गत इरकलची. इलकलचं सुती लुगडं, त्याचा टोपी-तेणीचा लाल पदर, हे या पट्ट्यातल्या राबणाऱ्या म्हातारीचं वस्त्र. आज 'हँडलूम लव्हर' मंडळींच्या कपाटात इरकल आहे, आणि ज्या म्हाताऱ्या ते नेसत त्यांच्या सुना शंभर-दीडशेची सिंथेटिक साडी नेसतात, कारण हातमागाचं इरकल त्यांना परवडत नाही.

आणि दागिने? ऑक्सिडाइज्ड! काळपट धातूचे जाड गोठ, मोठाल्या माळा, कोपरापर्यंत कडी. कॉटनच्या साडीवर ते घातलं की 'इंडी लूक', 'ट्रायबल लूक', 'बंजारा लूक'. बाबासाहेबांनी जे दागिने आमच्या बायकांना टाकायला सांगितले, जवळजवळ तेच आज शोरूमच्या काचेत आहेत. आमच्या अंगावर होते तेव्हा ती गुलामीची खूण. त्यांच्या अंगावर गेले की आवड. वस्तू बदलली नाही, अंग बदललं. अंगाची जात बदलली की किंमत बदलते, हा साडीच्या फॅशनचा सगळा अर्थशास्त्राचा धडा आहे.

पायातल्या चपलेचं उदाहरण तर ताजंच आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलच्या पायात घातली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. अख्खं कोल्हापूर खवळलं. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन सगळ्यांना आठवलं. कंपनीला शेवटी मान्य करावं लागलं की ही रचना भारतीय कारागिरांच्या परंपरेतून आली आहे. फार चांगलं झालं. पण त्या खवळलेल्या कोल्हापुरात किती जणांनी मोठ्याने म्हटलं की ही चप्पल चर्मकार समाजाच्या हातांनी घडवली, ज्या हातांना याच गावात विटाळ मानलं गेलं? 'कोल्हापूरची अस्मिता' सगळ्यांची झाली, कातडं कमावताना येणारा वास मात्र एकाच जातीच्या वाट्याला राहिला. परदेशी कंपनीने नाव वगळलं की चोरी, आणि आपण जात वगळली की अस्मिता. हा दुटप्पीपणा आहे.

साडी विणणाऱ्या हातांचीही हीच कथा. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. जास्त पगाराचं विणकाम त्यांच्याकडे, कमी पगाराचं सूतकताईचं काम आपल्याकडे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. म्हणजे लुगडं नेसताना काठ झाकायचा, आणि लुगडं विणायला मागावर बसायचंही नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणी उभी केली. ज्या राजाने गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांना तुमचे पुढारी म्हणून पुढे केलं, त्या राजाची ती गिरणी. आज शाहू मिल बंद आहे. साड्यांची दुकानं मात्र वाढतच आहेत.

या शहरात साडी म्हणजे निव्वळ हौस आहे, असं कुणी आम्हाला सांगू नये. आम्ही डोळ्यांनी बघितलंय. एप्रिल २०१६ मध्ये तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला आल्या, तेव्हा साडी नेसूनच या असा आग्रह धरला गेला. त्या पंजाबी ड्रेसमध्ये गेल्या आणि त्यांना मारहाण झाली. बाईचा देवळात जाण्याचा घटनात्मक हक्क पाच वार कापडावर अडला. पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, देवीच्या मूर्तीला साडीऐवजी घागरा-चोळी नेसवली गेली. वेदोक्ताचा लढा ज्या गावात झाला ते गाव पेटून उठलं. मोर्चे निघाले, 'पुजारी हटाव'ची मागणी झाली, आणि २०१८ साली विधिमंडळाने अंबाबाई मंदिरात पगारी पुजारी नेमण्याचा कायदा केला.

त्या आंदोलनातली पुरोहितशाहीविरोधी धार आम्हाला मोलाची वाटते. पण एक प्रश्न तेव्हाही टोचत होता, आजही टोचतो. दगडाच्या मूर्तीला काय नेसवावं यासाठी जे गाव रस्त्यावर येतं, ते गाव जिवंत बाईने काय नेसावं हे तिलाच ठरवू देतं का? एकीला साडी नेसली नाही म्हणून मार, दुसरीला चुकीची साडी नेसली म्हणून मागची रांग. दोन्हीकडे नेसणारी बाई आणि ठरवणारा दुसराच.

आता सरकारकडे वळू. महाराष्ट्रात सध्या बायकांना दोन प्रकारच्या साड्या वाटल्या जातात. एक पैठणी. 'होम मिनिस्टर'ने ती घराघरात पोचवली आणि राजकारण्यांनी ती उचलली. गल्लोगल्ली 'खेळ पैठणीचा' रंगतो. बायका उखाणे घेतात, दोरीउड्या मारतात, तळ्यात-मळ्यात करतात, आणि जिंकणारीला नगरसेवक किंवा आमदार पैठणी देतो. त्या पैठण्या बहुतेक यंत्रमागावरच्या असतात. येवल्याच्या विणकराने महिनेन्महिने बसून विणलेली खरी पैठणी खेळात वाटण्याइतकी स्वस्त नसते. दुसरी साडी रेशनची. अंत्योदय कार्डधारक कुटुंबाला वर्षाला एक साडी. २०२४ साली लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर पालघर जिल्ह्यात जव्हारच्या आदिवासी बायकांनी अशा साड्या सरकारी कचेरीत नेऊन परत केल्या. साडी नको, रोजगार द्या, म्हणाल्या.

जव्हारच्या त्या बायकांना आमचा क्रांतिकारी जय भीम! महाडच्या बायकांनी नेसण बदलून जे सांगितलं, तेच यांनी साडी परत करून सांगितलं. वस्त्र देणारा मालक होतो, हे त्यांना बरोबर कळलं. मतदानाच्या आधी पैठणीसाठी दोरीउड्या मारणाऱ्या आपल्या शहरी बहिणींना ते कधी कळणार?

इथपर्यंत दुसऱ्यांचं झालं. आता आपल्या घरातलं बोलू, कारण त्याशिवाय हा लेख अर्धवट राहील.

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितलं ते परत अंगावर कशाला? काष्टा नको, खण नको, ती गुलामीची आठवण आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण त्यांचा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. बाबासाहेबांचा विरोध कापडाला नव्हता, खुणेला होता. ज्या खुणेवरून कुणीतरी लांबून तुमची जात ओळखेल आणि सावली चुकवेल, ती खूण पुसा, एवढंच त्यांचं म्हणणं. आज त्या म्हातारीचं लुगडं नात स्वतःच्या मर्जीने, मान वर करून नेसत असेल तर ती खूण गुलामीची राहत नाही. उलट ते लुगडं ट्रंकेत लपवायला लावणारा 'प्रॉपर नऊवारी'चा दंडक हीच आजची खूण आहे. पुसायची असेल तर ती पुसा.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. आपल्या लग्नांत काय चाललंय? बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील होतं, आणि नवरीच्या अंगावर कर्ज काढून घेतलेली पैठणी असते, गळ्यात हप्त्यावर घेतलेला कोल्हापुरी साज असतो. बचत गटाचं कर्ज धंद्यासाठी उचलायचं आणि साडीत घालायचं, हे आम्ही स्वतः वस्तीत बघितलंय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आजी-आजोबांनी पांढरी वस्त्रं घालून धम्म घेतला. साधं, स्वच्छ, सगळ्यांना परवडणारं वस्त्र. त्या पांढऱ्या साडीत गरीब कोण, सधन कोण ओळखू येत नव्हतं, म्हणून ती समतेची साडी होती. आज त्याच साडीला डिझायनर काठ लागून ती हजारोंच्या घरात गेली की ती कुणाच्या समतेची?

तिसरी गोष्ट आपल्या भावांसाठी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बायकांनी पांढरी किंवा निळी साडी नेसूनच यायचं, असा फतवा मंडळं काढतात. स्वतः मात्र जीन्स आणि टी-शर्टात डीजेपुढे. भावांनो, हा नियम कुठल्या ग्रंथात सापडला? अंबाबाईच्या दारात साडीची सक्ती झाली की आपण संतापतो, आणि जयंतीच्या मिरवणुकीत तीच सक्ती करतो. मनुस्मृती जाळायची ती दुसऱ्याच्या घरातलीच का? आमच्या मुली पांढरी साडी नेसतील, निळा ड्रेस घालतील, पँट-शर्ट घालून ढोल वाजवतील. ज्यांना अडचण असेल त्यांनी बाजूला उभं राहावं.

मग आम्ही फॅशनच्या विरोधात आहोत का? अजिबात नाही. नटणं हा माणसाचा हक्क आहे. ज्या समाजाला काठ दाखवायची चोरी होती, त्या समाजाच्या मुलीने चार रंग जास्तच वापरावेत. साडीवर बूट घालावेत, बेल्ट लावावा, शर्टावर साडी नेसावी, पदराला खिसा शिवावा. तिला नटताना बघून आमच्या डोळ्यांना बरं वाटतं. आमचं म्हणणं एवढंच, की नटताना दुसऱ्याने दिलेल्या नावाखाली जाऊन उभं राहू नये, आणि आपल्या आजीला मागच्या रांगेत ढकलून पुढे जाऊ नये.

म्हणून आम्ही आमच्यापुरतं काही ठरवलंय. नऊवारी घेताना 'ब्राह्मणी द्या', 'पेशवाई द्या' असं म्हणायचं नाही. काष्ट्याची द्या, ओच्याची द्या, घोट्यापर्यंतची द्या, असं सांगायचं. दुकानदार पहिल्यांदा हसेल, दहा गिऱ्हाइकांनी तसंच मागितलं की पाटी बदलेल. तो धंदेवाईक माणूस आहे, हेच आपल्या कामाचं आहे. खण, इरकल घेताना कुठे विणलं, कुणी विणलं, हे विचारायचं, आणि चप्पल घेताना जमेल तिथे थेट कारागिराकडून घ्यायची. लग्नाच्या साडीसाठी कर्ज काढायचं नाही आणि काढू द्यायचं नाही. कॉलेजांतल्या शिक्षकांना भेटून सांगायचं, की 'ट्रॅडिशनल डे' करायचाच असेल तर प्रत्येक मुलीच्या घरातलं वस्त्र तिथे सारख्या मानाने उभं राहिलं पाहिजे. ज्या वस्त्राने या जिल्ह्याचा ऊस तोडला आणि गटारं उपसली, ते परंपरेत बसत नसेल तर तुमची परंपरा किती घरांची आहे, ते एकदा मोजून सांगा.

ती मुलगी परवा आमच्या बैठकीला आली होती. तिने विचारलं, "ताई, महाडला त्या बायकांनी काठ खाली सोडला, तेव्हा त्यांना भीती वाटली नसेल का?" आम्ही म्हटलं, वाटली असणारच. परत गावात जायचं होतं त्यांना, आणि गावात पाटील होता, वेस होती, विहीर होती. तरी त्या तशाच नेसून गेल्या.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पुढच्या वर्षी मी तेच लुगडं नेसणार. मॅडमनी विचारलं तर सांगणार, ही आमच्या आजीची नऊवारी, दुसरं नाव नाही.

पोरी, आम्ही सगळ्या येतोय त्या दिवशी. पुढच्या रांगेत उभी राहा. आणि काठ नीट दिसेल असं नेस.

जय भीम!